जोडपाट

यामिनी बऱ्हाटेचा कॉम्प्युटर वैशाखातल्या एका भर दुपारी धापा टाकत टाकत बंद पडला. भुसावळात त्या दिवशी माणसंच धड चालत नव्हती, तिथं यंत्राला काय दोष द्यायचा! तरी यामिनीनं त्याला पंख्याखाली घेतलं, झाकण उघडून धूळ काढली, थोडं गोंजारलं, थोडं रागावूनही पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी ओढणी डोक्याला गुंडाळून तिनं स्कूटर काढली आणि मधुकर झोपे यांचं दुकान गाठलं.

गावात स्वतःचा कॉम्प्युटर विकत घेणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. बाकीच्यांनी भाड्याची ताकद घेतली होती. म्हणजे घरात नुसती एक काच. खरं यंत्र कुठंतरी समुद्रकाठच्या थंडगार गोदामात. यामिनीला ते कधी पटलं नाही. ती एकटीच्या जिवावर वेबसाइटी बांधायची: केळीच्या शीतगृहांच्या, मंगल कार्यालयांच्या, दातांच्या दवाखान्यांच्या. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रोजचा स्वयंपाक करायचा आणि त्यानं कुलूप लावलं की उपाशी बसायचं, असला कारभार तिला नको होता.

"ताई, या खेपेला मोठं न्या," झोपेभाऊंनी एक काळी चकचकीत पेटी पुढे सरकवली. "एका वेळी आठ पडदे चालतात. काम सगळं स्वतःच करतं, तुम्ही नुसतं हं हं म्हणायचं."

"भाऊ, माझ्या गिऱ्हाइकांची गिऱ्हाइकं साइट कशावर बघतात, माहितीये? काचेला तडा गेलेल्या फोनवर. मी आठ पडद्यांवर बांधली आणि त्यांच्याकडे उघडलीच नाही, तर शिव्या कोण खाणार? तुम्ही?"

"मग काय देऊ ते सांगा ना."

"मधलं द्या. बिघडलं तर भाग इथंच मिळाला पाहिजे, मुंबईची वाट बघायची नाही. कीबोर्ड तारेचा. पंखा मोठा, पण आवाज नको. आणि इन्व्हर्टरवर दुपार निघाली पाहिजे."

"अन् तुमच्या घरी कोपऱ्यात लाइनला लावलेली ती जुनी पेटी? ती आता भंगारात काढा. नव्यात सगळं मावतं."

"काढते. फक्त एक बघून द्या. माझा जोडपाट लागला पाहिजे याला."

झोपेभाऊ चकितच झाले. "तो चालतो अजून? ती कंपनी तर कधीच गुंडाळली."

"चालतो की," यामिनी म्हणाली, आणि हसायचं काही कारण नसताना हसली. "रोज चालतो."

जोडपाट म्हणजे काय, हे इथं सांगायला हवं, कारण ही टूम आली तशी गेली. दिसायला तो साधा लाकडी पाट, टेबलभर रुंद. लाकडाखाली एक पातळ पापुद्रा. काही पदार्थांचा स्वभावच असा, की ते दाबले की त्यांच्यात किंचित वीज तयार होते, आणि उलट त्यांना वीज दिली की ते थरथरतात. हा पापुद्रा तसल्याच पदार्थाचा. एका पाटावर कुणी कोपर टेकलं, कप ठेवला, बोटं वाजवली, की त्या दाबाची वीज व्हायची, तिचे आकडे होऊन लाइनवरून जायचे, आणि शेकडो मैलांवरच्या जोडीदार पाटावर त्याच जागी तसाच हलका दाब उमटायचा. आवाज नाही, चित्र नाही. समोर कुणीतरी बसलंय, एवढंच. घरून एकट्यानं काम करणारी माणसं वाढली, तसे हे पाट जोडीजोडीनं खपले.

अडचण एकच होती. लाइन अडखळायची, आकडे उशिरा यायचे, आणि स्पर्शातला एवढासा खंडसुद्धा हाताला लगेच कळतो. म्हणून पाटात एक शिकणारी चिप बसवलेली असायची. जोडीदाराच्या हाताच्या सवयी ती शिकून घ्यायची: हा माणूस सकाळी कधी बसतो, कप कुठं ठेवतो, दोन ठोके दिले तर उत्तर द्यायला किती वेळ लावतो, रविवारी किती आळस करतो. मध्ये आकडे आले नाहीत, तर चिप स्वतःच्या अंदाजानं फट भरायची आणि खरे आकडे आले की मुकाट्यानं बाजूला व्हायची. फोनवर समोरच्याचा एखादा शब्द गिळला गेला तर आपण तो मनात भरून घेतोच की, तसं. कंपनीनं चिपला ही मुभा काही क्षणांपुरतीच दिली होती. तेवढ्यात लाइन आली नाही, तर पाट गप्प व्हायचा.

यामिनीच्या पाटाचा जोडीदार रत्नागिरीत होता. सुयोग नाटेकर, तिच्यासारखाच स्वतंत्र वेब डेव्हलपर. साइटची दिसणारी बाजू ती बांधायची, आतली तो, अशी कित्येक कामं दोघांनी मिळून केली होती. प्रत्यक्ष भेट मात्र एकदाच झाली होती, पुण्यात, पाट घ्यायला गेले तेव्हा. दुकानात समोरासमोर बसून पाटांची जुळवणी करायची होती. विक्रेता म्हणाला, "मॅडम, सरांच्या हाताकडे बघू नका, डोळे मिटा." तिनं मिटले. परतीच्या गाडीत ती भुसावळ येईपर्यंत स्वतःच्याच तळहाताकडे बघत होती.

पुन्हा भेटायचं दरवर्षी ठरायचं. पण पुढं सुयोगचे बाबा अंथरुणाला खिळले, त्यांना सोडून त्याला हलता येत नव्हतं. ती जाऊ शकली असती. भुसावळासारख्या जंक्शनात राहणाऱ्या बाईनं गाडीची सबब सांगितली, तर स्टेशनसुद्धा हसेल. पण रोज सकाळी पाटावर त्याचं कोपर टेकायचं, कपाचा हलकासा धक्का यायचा आणि मग दोन बोटांचे दोन ठोके: मी आलो. ती उलट दोन ठोके द्यायची. मग मुद्दाम जायचं कशाला, असं ती स्वतःशी कधी म्हणाली नाही. पण गेली नाही, एवढं खरं. भूक लागली की चहा पिऊन वेळ मारून न्यावी आणि जेवण लांबवत राहावं, तसं वर्षानुवर्षं चाललं होतं.

गेल्या पावसाळ्यात सुयोगचा निरोप आला. "बाबांचं वाढलंय. नवं काम सध्या घेत नाही." तिनं लिहिलं, "काळजी घे. काही लागलं तर सांग." त्यानं काही सांगितलं नाही. दिवाळीत तिनं बाबांची चौकशी केली, उत्तर आलं, "आहे तसंच." पुढं तेही थांबलं. यामिनीला वाईट वाटलं, पण फार नाही, कारण पाट होता ना! शब्द आटले होते, पण हात रोज येत होता. उलट हल्ली सुयोग अधिकच नेमानं बसायचा. तिनं आपली समजूत घातली, की बोलायचं त्राण नाही बिचाऱ्याला, पण बसायला माझ्याजवळच येतो. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. तो नुसता हात ठेवून बसतो, यातच त्यालाही कळलंय असं ती धरून चालली होती.

झोपेभाऊंनी दोन दिवसांनी नवं यंत्र घरी आणून लावून दिलं. जुना कॉम्प्युटर गेला, जुन्या पेटीची तार निघाली, टेबल कसं मोकळं झालं. यामिनीनं पाटाची तार सरळ नव्या यंत्राला जोडली आणि तळहात टेकवला.

काहीच नाही. तिनं दोन ठोके दिले. पाट नुसता लाकूड होऊन पडला होता.

"भाऊ, तुमच्या यंत्रात खोट आहे."

"यंत्र चोख आहे ताई. हा पाहा, पाटावरचा हिरवा दिवा. लाइन एकदम ठणठणीत."

"मग पाट मुका का झाला?"

"समोरचे उठले असतील जेवायला."

सुयोग या वेळेला उठत नाही, हे झोपेभाऊंना काय सांगणार? ते गेल्यावर तिनं तार बदलून पाहिली, भोक बदलून पाहिलं, नवं यंत्र बंद करून चालू केलं. घोडं तिथंच अडलेलं. शेवटी वैतागून तिनं कोपऱ्यातली जुनी पेटी पुन्हा ओढून आणली, लाइन तिला जोडली आणि पाटाची तार तिच्यात खोचली. लगेच तळहाताखाली तो ओळखीचा दाब आला. कोपर. मग दोन ठोके. यामिनीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे खोट नव्या यंत्रातच होती. उद्या झोपेभाऊंना चांगलं फैलावर घ्यायचं. नवं यंत्र पुन्हा तपासावं म्हणून तिनं पेटीतून लाइनची तार उपटली.

पाटावर कपाचा धक्का आला.

तार तिच्या हातात होती. बाहेरच्या जगाशी पेटीचा आता काही संबंध नव्हता. यामिनीनं दुसऱ्या हातानं दोन ठोके दिले. जरासं थांबून पाटानं दोन ठोके परत केले, अगदी सुयोग थांबायचा तेवढंच थांबून.

तिनं हातातली तार पुन्हा नीट पाहिली. ती मोकळीच होती.

मग तिला हळूहळू सगळं आठवलं. गेल्या उन्हाळ्यात वीज आणि लाइन दुपारदुपारभर जायची. पाट गप्प पडला की तिला घर खायला उठायचं. म्हणून एका दुपारी तिनं ही जुनी पेटी पाट आणि लाइन यांच्या मध्ये बसवली. लाइन गेली की पेटीनं दोन कामं करायची होती. चिपवरची क्षणांची मर्यादा उठवायची, म्हणजे लाइन येईपर्यंत चिप अंदाजानं सुयोगचा हात चालू ठेवील. आणि लाइनवरचं येणं-जाणं, तिकडून येणारं आणि इकडून जाणारं दोन्ही, थांबवायचं. लाइन परत आली की दोन्ही पूर्ववत. लाइन आली का हे पाहणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये होती. तपासणी करताना ती मध्ये मध्ये येत होती, म्हणून यामिनीनं ती तात्पुरती गप्प केली. शेजारी लिहूनही ठेवलं: उद्या चालू करणे. वेब डेव्हलपर मंडळींच्या जगात असा उद्या सहसा उजाडत नाही.

तेव्हापासून पेटी समजत होती, की लाइन गेलेलीच आहे. जिची गिऱ्हाइकं "साइटवर अजून जुनंच दिसतंय" म्हणून रोज फोन करतात, आणि जी त्यांना हसत हसत सांगते, "काका, तुमच्याकडे जुनं साठून राहिलंय, ते पुसा, मग नवं दिसेल," त्या बाईला स्वतःच्या तळहाताखाली जवळजवळ वर्षभर जुनं साठलेलं कळलं नव्हतं.

तिनं फोन लावला. पाटामुळे त्यांची फोनची सवयच मोडली होती. घंटा वाजत राहिली. तो उचलेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

"हॅलो."

"सुयोग, मी यामिनी."

"हं. बोल."

"तुझा पाट कुठंय?"

"माळ्यावर. बाबा गेले, त्यानंतर ठेवून दिला."

"बाबा गेले?" ती जमिनीवर बसली. "कधी?"

"पौषात."

"आणि तू मला कळवलं नाहीस, सुयोग?"

"तू हात काढून घेतलास, यामिनी," तो म्हणाला. " गेल्या उन्हाळ्यापासून तुझ्याकडून काही म्हणजे काही येत नव्हतं. मी रोज ठोके द्यायचो. मग म्हटलं, कंटाळली असेल, सांगायला जड जात असेल. म्हणून कामाचंही बंद केलं. बाबा गेले, त्या सकाळी डॉक्टर यायचे होते. मी पाटावर हात ठेवून बसलो होतो. म्हटलं, आज तरी."

यामिनीला रडू फुटलं. त्या सकाळी, ती कुठलीही सकाळ असो, तिच्या पाटावर कप वेळेवर टेकला होता, दोन ठोके आले होते आणि ती समाधानानं कामाला लागली होती. रडत रडतच तिनं सगळं सांगितलं, पेटी, मर्यादा, ती ओळ.

"तात्पुरती गप्प केली होतीस," तो म्हणाला.

"तात्पुरती."

दोघंही एकाच धंद्यातले, त्यामुळे याहून जास्त काही समजावून सांगायची गरज पडली नाही. मग तो म्हणाला, "पाट काढू का खाली? तासाभरात जोडतो."

हो म्हणणं किती सोपं होतं! तासाभरानं त्याचा खरा हात आला असता, आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. नेमकं तेच तिला नको झालं.

"नको," ती म्हणाली. "मी येते. येऊ ना?"

"ये," तो म्हणाला. आवाजात आनंद आहे की नुसता शिष्टाचार, हे तिला ओळखता आलं नाही.

निघायच्या आधी चिप पुसायची, असं तिनं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. खुर्चीत बसल्याबरोबर पाटावर कोपर येऊन टेकलं. गेल्या उन्हाळ्यातला सुयोग होता तो, बाबा जिवंत असलेला, तिच्यावर रुसलेला नसलेला. तिकडे रत्नागिरीत जो होता, तो कसा झाला असेल कोण जाणे. त्यानं दारात उभं राहू दिलं तरी पुष्कळ, अशा विचारानं तिचा हात दोनदा मागे आला. हे पुसलं आणि तिकडेही काही उरलेलं नसलं, तर? मग आपल्याकडे काय राहणार? तळहात पाटावर ठेवून ती दुपारभर तशीच बसली, आणि तो गेल्या वर्षीचा हात तिला पूर्वीसारखीच सोबत करत राहिला. उन्हं कलल्यावर तिनं तो पुसला. पुसल्यावर पाटावर दोन ठोके द्यायची इच्छा झाली, ती तिनं दाबली आणि बॅग भरायला घेतली.

रत्नागिरीतलं घर तिनं कधी पाहिलं नव्हतं. सुयोग फाटकापर्यंत आला. बारीक झाला होता, कानांवरचे केस पांढरे झाले होते, आणि चष्मा लागला होता. पाटावरून यातलं काहीच कळायला मार्ग नव्हता. त्यानं तिची बॅग घेतली, पाणी दिलं, आमसुलाचं सरबत दिलं. भिंतीवर बाबांचा फोटो होता, त्याला ताजा हार. यामिनीनं हात जोडले. मग दोघं ओट्यावर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"एक विचारू?" सुयोग तिच्याकडे न बघता म्हणाला. "इतके महिने तुला कळलं नाही? तो मी नव्हतो, हे?"

सगळ्या प्रवासभर तिला याच प्रश्नाची भीती वाटत होती. चिप किती हुशार होती, हे सांगता आलं असतं. अंदाज किती बिनचूक होता, हेही. तो तज्ज्ञ होता, त्याला ते पटलंही असतं.

"नाही कळलं," ती म्हणाली. "मला बरं वाटत होतं, सुयोग. म्हणून मी तपासलंच नाही. तुझे निरोप थांबले, तेव्हाच फोन करायला हवा होता. पण मला वाटलं, तू आहेसच."

तो मान खाली घालून ऐकत होता. "फोन तर मीही करू शकलो असतो," तो म्हणाला. "तू नको म्हणशील अशी भीती वाटली. विचारलं नाही, तर निदान पक्कं तरी होत नाही."

समोरच्या कुंपणावर एक खार इकडून तिकडे गेली. दोघांनी ती मन लावून पाहिली.

"बाबांचं सांग ना," यामिनी म्हणाली. "मी नव्हते तेव्हाचं. सगळं."

सुयोगनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सांगू लागला. पावसाळ्यात बाबांचं जेवण कसं सुटलं, गणपतीत त्यांनी मोदक कसा हट्टानं मागितला आणि नुसता हातात धरून ठेवला, दिवाळीपासून ते कुणालाच कसे ओळखेनासे झाले. त्या सकाळपर्यंत तो आला. डॉक्टर यायचे होते, दार उघडं टाकलं होतं, बाबांचा श्वास लागला होता. इथं तो मध्येच थांबला.

पुढचं वाक्य यामिनीच्या ओठांवर तयार होतं. तो काय म्हणणार हे तिला स्वच्छ दिसत होतं: मी एकटा होतो, तू नव्हतीस. आपणच ते बोलून टाकावं, त्याला मोकळं करावं, माफी मागावी, असं तिला फार वाटलं. पण तो थांबला होता, तर तिनं त्याला थांबू दिलं. ओट्यावरचं ऊन पायरीवरून खाली उतरलं. आत कुठंतरी नळ ठिबकत होता.

"बाबांनी मला विचारलं," सुयोग अखेर म्हणाला, "की ती भुसावळची मुलगी येऊन गेली का."

यामिनी त्याच्याकडे बघत राहिली.

"मी म्हटलं, येतेय. वाटेत आहे."